कोम्पेइतोचा काटा

हलवा करणाऱ्या बाईच्या हातावर कोम्पेइतो, म्हणजे जपानी काटेरी साखरदाणा, ठेवला तर ती आधी त्याचा काटा बघेल, चव नंतर. मी तेच केलं. जपानमध्ये राहायला आल्यावर पहिल्या थंडीत एका मिठाईच्या दुकानात छोट्या पिशवीत बांधलेले पांढरे, गुलाबी, फिकट हिरवे दाणे दिसले आणि मला वाटलं, हा तर संक्रांतीचा हलवा! घरी येऊन पिशवी फोडली, दाणे ताटलीत पसरले आणि खिडकीपाशी नेऊन नीट पाहिले. आपल्या हलव्याचा काटा बारीक असतो, टोकदार असतो, बोटांना टोचतो. यांचा काटा जाड, टोकाला गोल, आणि एका दाण्यावर मोजके वीस-पंचवीस. जिभेवर ठेवला तर आधी ते उंचवटे लागतात, मग सावकाश साखर सुटते. आत तीळ नाही, खसखस नाही, काही नाही. सगळी साखरच.

साखर तीच, पाक तोच, मग काटा वेगळा का? हा प्रश्न डोक्यातून जाईना. माझी आजी शेगडीवर परात ठेवून हलवा करायची, तिच्याकडून आईने घेतला, आईकडून मी. काटा येणं न येणं हा आमच्या घरात प्रतिष्ठेचा विषय होता. म्हणून ओसाकाशेजारच्या साकाई शहरात कोम्पेइतो करतात आणि बाहेरच्या लोकांनाही हात लावू देतात असं कळल्यावर मी नाव नोंदवलं.

पाहुण्यांसाठी असतो तो कार्यक्रम तासाभराचा. जवळजवळ तयार झालेले दाणे एका लहान फिरत्या भांड्यात घालतात, आपण त्यावर रंगाचा आणि वासाचा पाक सोडायचा, कालथ्याने हलवायचं, वाळले की पिशवीत भरून घरी न्यायचे. मुलांची धमाल होते. माझं समाधान त्यात होण्यासारखं नव्हतं. मी तिथल्या वयस्कर कारागिरांना फोनमधले हलव्याच्या दागिन्यांचे फोटो दाखवले. माझ्या लेकीच्या बोरन्हाणाचे होते, मुकुट, हार, वाकी, कंबरपट्टा. त्यांनी चष्मा वर करून फोटो मोठा केला आणि विचारलं, "हे हाताने? यंत्राशिवाय?" मी म्हटलं, हो, परातीत, बोटांनी. ते म्हणाले, "सकाळी लवकर या. खरं काम तेव्हा चालतं."

ते खरं काम बघायला मी पुढे अनेकदा गेले, आणि प्रत्येक वेळी त्यांनी कढईशेजारी स्टूल ठेवून दिलं.

तिला ते 'दोरा' म्हणतात. लोखंडाची प्रचंड कढई, व्यास जवळपास दोन मीटर, एका बाजूला कललेली, खालून गॅस, आणि अखंड सावकाश फिरणारी. कललेली असल्यामुळे दाणे वरच्या कडेपर्यंत चढतात आणि मग घरंगळत खाली येतात. सुरुवातीला आत टाकतात ती जाडसर दाणेदार साखर, आपल्या रव्याहून थोडी मोठी. पूर्वी खसखस टाकायचे. क्योतोतल्या जुन्या पद्धतीत चिकट तांदळापासून केलेली बारीक कणी वापरतात. या कणीवर पळीने पाक सोडायचा. फार नाही, सगळे दाणे जेमतेम ओले होतील एवढाच. मग फिरू द्यायचं. पाणी उडून जातं, साखर दाण्यावर बसते. पुन्हा पळीभर पाक, पुन्हा वाळवणं. मधूनमधून लांब दांड्याच्या उलथन्याने तळ खरवडायचा, दाणे एकमेकांना चिकटले असतील तर सोडवायचे. दिवसाला दाणा एखाद मिलिमीटर वाढतो. पूर्ण व्हायला दोन आठवडे, कधी जास्तच. एका कढईसाठी! उन्हाळ्यात त्या खोलीत उभं राहवत नाही, आणि पाक वाळण्याचा वेग हवेप्रमाणे रोज बदलतो, त्यामुळे 'इतक्या मिनिटांनी पळी' असा नियम कुणी सांगत नाही.

नियम कानात असतो. हे मला सर्वांत आवडलं. पाक ओतल्याबरोबर दाण्यांचा आवाज जड होतो, ओल्या वाळूसारखा. वाळत आला की तो हलका होत जातो आणि शेवटी स्पष्ट सळसळतो. ते गृहस्थ माझ्याशी बोलत असायचे, पाठ कढईकडे असायची, आणि वाक्य अर्धं टाकून वळून पळी उचलायचे. मला काहीही फरक कळलेला नसायचा. हळूहळू कळायला लागला. एकदा मी त्यांच्याआधी पळीकडे बघितलं तेव्हा ते नुसतं "हं" म्हणाले, आणि त्या दिवशी दोन पळ्या मला घालायला दिल्या.

एका कपाटात त्यांनी रोजच्या दाण्यांचे नमुने ओळीने लावून ठेवले आहेत. ते बघताना माझ्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर मिळालं. सुरुवातीच्या दिवसांचा दाणा नुसता खरबरीत असतो. पुढे त्यावर बारीक-बारीक पुष्कळ उंचवटे येतात, आणि हा टप्पा आपल्या हलव्याच्या सर्वांत जवळचा. मग दाणा वाढतो तसे काही उंचवटे पुढे जातात, काही मागे पडून बुजतात, आणि उरतात ते जाड होतात. आपण तिळावर हलवा करतो तो या प्रवासाच्या पहिल्या टप्प्यावर थांबतो, आणि तिथेच थांबायला हवा, कारण आपल्याला त्यातून नाजूक दागिने ओवायचे असतात. यांना दाणा तोंडात घोळवायचा असतो, म्हणून ते पुढे जातात.

पण मुळात काटा येतोच का? कढई सगळीकडून फिरते, पाक सगळ्या बाजूंना लागतो, मग दाणा गोटीसारखा गोल व्हायला हवा. हा प्रश्न जपानमध्ये एका मोठ्या भौतिकशास्त्रज्ञाला पडला होता. तेरादा तोराहिको, १८७८ ते १९३५. टोकियोच्या विद्यापीठातले प्राध्यापक आणि तितकेच नावाजलेले ललित लेखक. १९२७ साली त्यांनी कोम्पेइतोवर लिहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की सरासरीच्या हिशेबाने सगळ्या दिशा सारख्या ठरतात, पण प्रत्यक्षात सुरुवातीला कुठेतरी थोडी उंची जास्त असतेच. ती उंची आपोआप वाढत जाते, आणि ती का वाढते हे सरासरीचं गणित सांगू शकत नाही. कढईपाशी बसून बघितलं की हे डोळ्यांना दिसतं. दाणा घरंगळताना तापलेल्या लोखंडाला आणि ओल्या पाकाला आधी शिवतो तो त्याचा उंच भाग. तिथे पाक लागतो, तिथेच तो लवकर वाळतो, म्हणून तो भाग आणखी उंच होतो. खोलगट जागा मागेच राहते. पाक एकदम जास्त ओतला तर मात्र खोलगट जागाही भरते आणि काटा बुडतो. "पाक ओतू नकोस गं, शिंपड," असं आई म्हणायची त्यामागचं कारण मला चाळिशीत, साकाईत कळलं.

पळी आणि पळीच्या मधला वेळ मोकळा असतो. त्या वेळात आमच्या गप्पा व्हायच्या, आणि त्या हमखास फ्रोइश या माणसावर यायच्या.

कोम्पेइतो हा मूळचा पोर्तुगीज 'कोन्फेइतो', हे जपानमध्ये शाळकरी मुलांनाही माहीत असतं. १५४३ साली पोर्तुगीज तानेगाशिमा बेटावर पोचले, बंदूक आणली, मागोमाग व्यापारी आणि ख्रिस्ती धर्मगुरू आले, आणि त्यांच्याबरोबर साखरेचे पदार्थ. तोवर जपानला साखर माहीत होती ती चीनहून येणारं महागडं औषध म्हणून. १५६९ मध्ये लुईश फ्रोइश हा जेझुइट पाद्री क्योतोमध्ये ओदा नोबुनागाला भेटला. नोबुनागा तेव्हा जपानमधला सर्वांत ताकदवान सरदार होऊ घातला होता आणि शोगुनसाठी, म्हणजे जपानच्या लष्करी शासकासाठी, निजो इथे किल्ला बांधून घेत होता. त्या बांधकामावरच भेट झाली. फ्रोइशने नजराणा दिला तो काचेच्या बाटलीत भरलेला कोन्फेइतो आणि मेणबत्त्या. त्याआधीच्या खेपेला त्याने मोठा आरसा, मोराचं पीस, बंगालची वेताची काठी आणि काळ्या मखमलीची टोपी नेली होती, त्यातली नोबुनागाने फक्त टोपी ठेवून घेतली आणि बाकीचं परत केलं. कोन्फेइतो मात्र परत केला नाही. आणि याच फ्रोइशने त्याआधीची काही वर्षं, क्योतोतून पाद्रींना हाकलल्यानंतर, साकाईतच काढली होती. आम्ही बसलो होतो त्याच गावात.

हे सगळं त्या गृहस्थांना पाठ. त्यांना माहीत नव्हतं ते मी सांगितलं. फ्रोइश लिस्बनचा खरा, पण १५४८ साली सोळाव्या वर्षी तो गोव्याला आला आणि पुढची चौदा-एक वर्षं मुख्यतः तिथे राहिला. तिथल्या संत पावलाच्या महाविद्यालयात शिकला, तिथेच पाद्री झाला, तिथेच त्याला फ्रान्सिस झेवियर भेटला आणि आंजिरो नावाचा जपानी माणूसही. जपानला पोचला तो १५६३ मध्ये, एकतिशीत. म्हणजे त्याची बरीचशी जडणघडण गोव्यातली. मी त्यांना जुन्या गोव्याचा फोटो दाखवला. त्या महाविद्यालयाची आता एक काळपट कमान तेवढी उरली आहे, आजूबाजूला झाडी. आम्ही गोव्याला जातो तेव्हा सगळे बासिलिकेकडे वळतात, या कमानीपाशी कुणी थांबत नाही. त्यांनी फोटो बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "मोराचं पीस तिकडचंच असणार मग." माझ्या मनात हे कधी आलं नव्हतं. जपानमध्ये मोर मूळचा नाही. लिस्बनमध्येही नाही.

साखरेचं तर आणखीच. दाणेदार साखर करायची विद्या आपल्याकडची, कौटिल्याच्या अर्थशास्त्रात फाणित, गूळ, खंड, शर्करा असे वेगवेगळे प्रकार नोंदवलेले आहेत. इथून ती इराणात, अरबांकडे, अरबांबरोबर स्पेन-पोर्तुगालात गेली. पंधराव्या शतकात पोर्तुगीजांनी मदेइरा बेटावर ऊस लावला आणि साखरेची मिठाई त्यांच्याकडे रुळली. तिथून गोवा, मलाक्का, मकाव करत नागासाकी. कोम्पेइतो परदेशी आहे हे खरंच, पण मला तो एका देशातून दुसऱ्या देशात आलेला वाटत नाही. बंदराबंदरातून हात बदलत आलेला वाटतो, आणि त्यातलं एक बंदर मांडवीच्या काठावरचं आहे. हे म्हणताना मला अभिमान वाटतो.

पुढे १६१४ ला जपानने ख्रिस्ती धर्मावर बंदी घातली, १६३९ ला पोर्तुगीजांना हाकललं. मिठाई राहिली. कशी करतात ते मात्र सांगणारं कुणी नव्हतं, आणि यावरची एक गोष्ट मला फार प्रिय आहे. इहारा साइकाकु या लेखकाने १६८८ साली व्यापाऱ्यांच्या कथा लिहिल्या, त्यात नागासाकीचा एक गरीब माणूस येतो. बाहेरून येणारा कोम्पेइतो महाग, करणारे गुपित फोडत नाहीत. हा दोन वर्षांहून जास्त काळ डोकं लावतो. शेवटी तो तीळ साखरेत उकळतो, बरेच दिवस वाळवतो आणि गरम कढईत पसरतो, तेव्हा तिळाभोवती साखर फुटून येते आणि काटे धरते. एक शो, म्हणजे पावणेदोन-दोन लिटर तिळापासून दोनशे किन, म्हणजे एकशे वीसेक किलो माल. माणूस श्रीमंत होतो.

तीळ! हे वाचलं आणि मी ठरवलं की या संक्रांतीला तिळावरचा कोम्पेइतो घरी करायचा. हलवा नाही, कोम्पेइतोच. आपला पाक, आपली परात, पण काटा यांच्यासारखा जाड झाल्याशिवाय थांबायचं नाही.

साखरेपासून सुरुवात. इथे घरोघर वापरतात ती पांढरी साखर दमट, मऊ असते. कारागिरांनी आधीच बजावलं होतं, "ती घेऊ नका." तिच्यावर मुद्दाम थोडी विघटित, म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये मोडलेली, साखर चढवलेली असते, त्यामुळे ती ओलसर राहते, पण स्फटिक धरायला कुरकुरते. कोम्पेइतोला कोरडी, दाणेदार साखर लागते, आपल्या नेहमीच्या साखरेसारखी. याच कारणाने आंबट चवीचा कोम्पेइतो अवघड. आंबट घातलं की साखर विघटित होते आणि बसत नाही. गुलाबजामच्या पाकात आपण लिंबू पिळतो ते पाकाची साखर होऊ नये म्हणून, इथे तर साखर व्हायलाच हवी. तेलकट, तुपकट पदार्थांचंही तेच, थर निसटतो. आंबट आलुबुखारा, चॉकलेट, साके (तांदळाची दारू) असे प्रकार क्योतोत मिळतात ते महाग का, हे तेव्हा समजलं. म्हणून तीळही मी धुतलेले, न भाजलेले घेतले. भाजले की तेल वर येतं.

दोन वाट्या साखर, एक वाटी पाणी, चमचाभर दूध घालून मळी काढली, पाक गाळून घेतला. एकतारीच्या किंचित अलीकडे थांबले. आता आच. इथल्या गॅसच्या शेगडीला तापमान ओळखणारं बटण असतं, कोरडं भांडं तापलं की ज्योत आपोआप बारीक होते किंवा विझते. परातीत कोरडे तीळ फिरवत बसायला ती कामाची नाही. ओकोनोमियाकी, म्हणजे कोबी घातलेलं जाड जपानी धिरडं, करायला घरोघरी विजेचा तवा असतो, तो जेवणाच्या टेबलावर ठेवला, 'गरम ठेवा'वर लावला आणि त्यावर सासूबाईंनी दिलेली स्टीलची परात. मंद, सारखी, रात्रंदिवस एकच आच. निखाऱ्यापेक्षा चांगली, असं आजीच्या आठवणीला स्मरून सांगते.

पहिले हात सगळे चिकटाचिकटीचे. चमचाभर पाक, बोटांनी गोल फिरवायचं, तीळ एकमेकांना धरतात, ते सोडवायचे, वाळले की परत चमचा. आठ-दहा हातांनंतर तीळ पांढरे होतात. जानेवारीत इकडची हवा खडखडीत कोरडी, खिडकी उघडी ठेवली की चांगलंच काम होतं. पावसाच्या दिवशी मी परात झाकून ठेवली, हात लावला नाही. आईचा व्हिडिओ कॉल चालूच. दुसऱ्या दिवशी बारीक काटा दिसायला लागला तेव्हा ती म्हणाली, "झाला की! आता बंद कर, नाहीतर बोजड होईल." मी म्हटलं, बोजडच करायचाय. तिला पटलं नाही. "कशाला बाई, इतका सुरेख काटा," म्हणून ती रोज संध्याकाळी परात बघायची आणि हळहळायची.

काटा भरायला लागला तसा माझ्या हाताचा वेग आपोआप उतरला. बारीक हलवा बोटांच्या टोकांनी करतात, मोठा दाणा तळव्याने ढकलावा लागतो, परात तिरपी धरून घरंगळवावा लागतो. परातीखाली एका बाजूला पाट सरकवला, तिरपेपणा तोच ठेवला, आणि तेव्हापासून दाणे कढईतल्यासारखे वळायला लागले. आवाजही तोच, ओला जड, मग सळसळ. दाणे गव्हाएवढे झाल्यावर मध्येच एक वेळ अशी येते की काहीच बदलत नाही. रोज चमचे घालावेत आणि दाणा तस्साच. इथे धीर सोडून पाक वाढवायचा मोह होतो. वाढवायचा नाही. दोन-तीन दिवसांनी निम्मे काटे बुजलेले असतात आणि उरलेले ठळक दिसतात, नमुन्यांच्या कपाटात पाहिलं होतं अगदी तसं.

दहा-बारा दिवसांनी मी थांबले तेव्हा मोठे दाणे हरभऱ्याएवढे झाले होते. कढईतल्या मालासारखे एकसारखे नाहीत, पण काटा जाड, गोल टोकाचा, आणि चावला की मध्ये तीळ. काही दाणे फिकट गुलाबी केले, बाकी पांढरेच ठेवले. मंडळाच्या हळदीकुंकवाला वाटले. एका काकूंनी हलवा म्हणून घेतला आणि शेजारच्या जपानी मैत्रिणीने कोम्पेइतो म्हणून, आणि दोघींनी एकदमच विचारलं, आत काय आहे?

थोडे दाणे साकाईला नेले. त्यांनी एक दाणा उजेडात फिरवून पाहिला, खाल्ला, तीळ लागल्यावर थांबले आणि म्हणाले, "साइकाकु." मग विचारलं की परातीचा तिरपा किती ठेवला होता. मी हाताने दाखवलं. "अजून थोडा," ते म्हणाले, आणि कढईकडे वळले.

करून बघायचं असेल तर महाराष्ट्रात आपल्याला कढई लागत नाही. जाड बुडाची परात, मंद विजेची शेगडी किंवा तितकीच मंद कुठलीही आच, कोरडी साखर आणि डिसेंबर-जानेवारीचे कोरडे दिवस पुरतात. कोकणात आणि मुंबईत दमट हवेने वेळ जास्त लागेल, पुणे, नाशिक, सातारा, विदर्भ इथे छान होईल. रोज तासभर हात फिरवला तरी चालतं, मधल्या वेळेत दाणे पातळ फडक्याने झाकून कोरड्या जागी ठेवायचे. पाक रोज ताजा, थोडाच करायचा, आदल्या दिवशीचा शिळा पाक परत उकळला की त्याचा काटा नीट धरत नाही. पुढच्या वेळी मी लवंग आणि बडीशेपेवर करणार आहे. आईची अट आहे की अर्धे दाणे बारीक काट्यावर काढून तिच्यासाठी ठेवायचे.